पहिल्या तासातली फोड

डायलिसिसवरच्या माणसाला आंबा म्हणजे विष. केळं विष, नारळपाणी विष, बटाटासुद्धा उकळून पाणी फेकल्याशिवाय विषच. या सगळ्यांत पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाच्या किडन्या ते लघवीवाटे बाहेर टाकतात, आमच्या टाकत नाहीत. मग ते रक्तात साठत जातं आणि फार साठलं की हृदय बंद पाडतं. आधी दुखत नाही, खुपत नाही. माणूस चहा पिता पिता जातो. आमच्या केंद्रातले असे काही जण मी जाताना पाहिले आहेत.

यातून पळवाट एकच, पहिला तास. सुया टोचून मशीन सुरू झालं, की पहिल्या तासात जे खाल ते पोटातून रक्तात उतरेपर्यंत मशीन ते रक्तातून काढत राहतं. ही गोष्ट डॉक्टर तोंडाने सांगत नाहीत आणि पेशंट एकमेकांना सांगितल्याशिवाय राहत नाहीत. येळगावच्या बिराजदार डायलिसिस केंद्रात या पहिल्या तासाचा मोठा थाट असे. हिवाळ्यात केळं, संक्रांतीला उसाची कांडी, आणि मे महिना लागला की केशर आंबा. इरफान टेक्निशियन स्टीलच्या ताटलीत फोडी करायचा आणि खुर्चीखुर्चीला एकेक द्यायचा. डॉक्टर अश्लेषा बिराजदार नेमक्या त्याच वेळी फोनवर बोलायला बाहेर जायच्या.

आंबे अप्पांच्या बागेतले. अप्पा म्हणजे बसवराज निटुरे. त्यांची खुर्ची तीन नंबरची, माझी चार. मी सुवर्णा दाभाडे. किडन्या जाईपर्यंत एसटीत कंडक्टर होते. कधीतरी मी अप्पांच्या आंब्याच्या पेटीला लगेजचं तिकीट फाडलं होतं, आणि त्या गोष्टीबद्दल त्यांनी मला कधीच माफ केलं नाही. दर उन्हाळ्यात पहिली फोड माझ्या हातावर ठेवताना ते इरफानला सांगायचे, "कंडक्टरबाईला इचार, या फोडीला तिकीट लागतंय का." सहा वर्षं हा एकच विनोद. मला त्याचा वैताग यायचा आणि एखाद्या मंगळवारी त्यांनी तो केला नाही तर चुकल्यासारखंही व्हायचं.

आम्हा सगळ्यांचा खर्च आरोग्यहमी योजनेतून व्हायचा. आठवड्यातून तीन पाळ्या: मंगळवार, गुरुवार, शनिवार. पेशंटने अंगठा लावायचा आणि खुर्चीत बसायचं. मग योजनेने जुळी आणली.

कागदोपत्री त्यांचं नाव प्रतिदेह. आम्ही जुळं म्हणायचो. प्रत्येक पेशंटच्या शरीराचं एक हुबेहूब गणित योजनेच्या कॉम्प्युटरमध्ये चालू असतं. मशीन दर पाळीला सुरुवातीलाच रक्ताचा थेंब घेऊन आत किती पोटॅशियम आहे ते मोजतं. मग शरीरातून धुऊन निघालेल्या पाण्यात किती आलं तेही मिनिटामिनिटाला मोजतं. हे सगळं जुळ्याकडे जातं आणि जुळं शिकतं. हा माणूस किती खातो, त्याचे स्नायू किती साठवून घेतात, किती दिवसांनी त्याच्या जिवाला धोका होईल, हे ते आधीच सांगतं. सुरुवातीला त्याने दोघांचे जीव वाचवले, हेही सांगायला हवं. पाळीच्या आदल्या दिवशी त्याचा निरोप आला, डॉक्टरांनी त्यांना लगेच बोलावून घेतलं आणि ते जगले. तेव्हा आम्ही त्याचं कौतुक केलं होतं.

मार्चच्या एका मंगळवारी अप्पांच्या मशीनच्या पडद्यावर निरोप आला. गुरुवारची पाळी वैद्यकीयदृष्ट्या अनावश्यक, यापुढे आठवड्यातून दोन पाळ्या.

"म्हंजे मी बरा झालाव की काय?" अप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी दोनदा निरोप वाचला. "बरे झालेले नाही आहात अप्पा. तुमचं जुळं बरं दिसतंय."

"मग मी अर्ज करतो. भांडतो."

"तुम्हाला करता येत नाही. अपिलाचा हक्क केंद्राला आहे, तोही योजनेत असलेल्या केंद्राला. मी करते."

जीव अप्पांचा, आणि भांडायचा हक्क डॉक्टरांचा. मी तेव्हा हसले होते. एसटीतही असंच होतं, गाडी बंद पडली की प्रवाशाने नाही, डेपो मॅनेजरने तक्रार करायची.

अपिलाचा निकाल लागेपर्यंत अप्पांना चार दिवस तसंच ठेवणं डॉक्टरांना पटेना. मागच्या खोलीत एक जुनं मशीन होतं, योजनेच्या जाळ्याला न जोडलेलं. गुरुवारी अप्पा मागच्या दाराने यायचे आणि इरफान त्यांना त्या मशीनवर घ्यायचा. फुकट, गुपचूप. अप्पांना त्यात मजाच वाटायची. "सासुरवाडीला चोरून आल्यावानी वाटायलंय," म्हणायचे.

महिन्याभराने निकाल आला. अपील फेटाळलं होतं, आणि कारण वाचून डॉक्टर मटकन स्टुलावर बसल्या. दोन पाळ्यांवर रुग्णाची प्रकृती उत्तम असल्याचे केंद्राने स्वतः पाठविलेल्या मोजमापांवरून सिद्ध होते. साहजिकच होतं. गुरुवारची चोरटी पाळी जुळ्याला दिसत नव्हती. शनिवारी अप्पांचं रक्त स्वच्छ आलेलं तेवढं दिसत होतं. डॉक्टरांची दयाच योजनेच्या बाजूने साक्ष देऊन आली होती.

तेवढ्यावर भागलं नाही. अप्पांचा अनुभव चांगला म्हणून पुढच्या पंधरवड्यात केंद्रातल्या बाकीच्यांच्याही तिसऱ्या पाळ्या एकेक करून गेल्या. माझी गेली तेव्हा मी पडद्याकडे बघत राहिले. जुनं मशीन एवढ्या जणांना पुरणारं नव्हतंच, ते दुसऱ्याच आठवड्यात बसलं, आणि त्याचे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत. मंगळवार ते शनिवार हे अंतर आम्ही पहिल्यांदाच कोरडं काढलं. शुक्रवारी माझे पाय जड झाले, जिना चढताना गुडघ्यात जीव राहिला नाही. शनिवारी येताना प्रत्येकाचा चेहरा मातकट झालेला होता. कुणी थट्टा केली नाही. डॉक्टरांनी पाळीच्या वेळेची वाट न बघता सगळ्यांना आधीच मशीनवर घेतलं.

डॉक्टरांनी पुन्हा अपील केलं. या वेळी सुनावणी मागितली आणि ती मुद्दाम आमच्या पाळीच्या वेळेला ठेवून घेतली. "तुमच्याबद्दल आहे, तुम्ही ऐका," म्हणाल्या.

भिंतीवरच्या पडद्यावर एक गृहस्थ आले. अपील सदस्य. माणूस सभ्य होता, आवाज मऊ होता, आणि त्याला त्या दिवशी अशा बऱ्याच सुनावण्या होत्या हे त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं.

"मॅडम, प्रतिदेहाचा निष्कर्ष दोनच कारणांनी बदलता येतो. एक तर प्रतिदेहाला चुकीची माहिती गेली हे दाखवा. नाहीतर रुग्णाचं शरीर अंदाजापेक्षा वेगळं वागलं हे दाखवा. ठरलेल्या पाळीच्या वेळी रक्तातला आकडा अंदाजाहून एकाने जास्त हवा."

"सर, मी अठरा वर्षं हे काम करते. हे लोक दोन पाळ्यांवर राहू शकत नाहीत."

"डॉक्टरांचं मत हे कारण होत नाही. पूर्वी होत असे."

"शरीर वेगळं वागेल कसं? तसं व्हायच्या आधीच मी त्यांना बोलावून मशीनवर घेते. तेच तर माझं काम आहे."

"ती आपत्कालीन पाळी झाली. ती हिशेबात धरली जात नाही."

"म्हणजे मी पेशंट वाचवला तर अपील हरते."

सदस्याने समोरची फाईल मिटली. मग म्हणाला, "मी नियम सांगितला, मॅडम." त्याने हात जोडले आणि पडदा निळा झाला.

डॉक्टर तिथून हलल्या नाहीत. त्यांनी जुळ्याचे आलेख पडद्यावर घेतले, अप्पांचा, माझा, बाकीच्यांचे, एकाखाली एक. आम्हीही आपापल्या खुर्चीतून बघत होतो. धुतलेल्या पाण्यातलं पोटॅशियम दाखवणारी रेघ प्रत्येकाची सारखीच होती. सुरुवातीला उंच, मग उतरती, आणि दुसऱ्या तासाच्या सुमाराला एक उंचवटा.

"हा कशाचा?" त्या स्वतःशीच बोलल्या. "रक्तात एवढं नव्हतं. मग बाहेर एवढं आलं कुठून?"

इरफानच्या हातात ताटली होती. त्याने नुकत्याच फोडी वाटल्या होत्या, आणि माझी अर्धी फोड माझ्या बोटांत होती. डॉक्टरांनी वळून ताटलीकडे पाहिलं, मग आमच्या हातांकडे. आमच्या खोलीत आठ मशीनांचा आवाज कायम चालू असतो. त्या दिवशी मला तो पहिल्यांदाच मोठा वाटला.

त्यांनी आम्हाला नंतर नीट समजावलं. जुळ्याला आंबा माहीतच नाही. त्याला एवढंच दिसतं, की रक्तात थोडंच पोटॅशियम असताना बाहेर भरपूर निघतंय. त्याचा अर्थ त्याने असा लावला, की आमचे स्नायू बाकीचं पोटॅशियम आत सुखरूप साठवून ठेवतात आणि रक्तात चढू देत नाहीत. असं दणकट शरीर चार दिवस सहज राहील. वर्षानुवर्षं दर पाळीला आम्ही एकेक फोड खाऊन त्याला हेच शिकवत आलो होतो. गणित बरोबर होतं. फोड तेवढी त्यात नव्हती.

"म्हणजे पहिलं कारण मिळालं," डॉक्टर म्हणाल्या. "चुकीची माहिती गेली. मी उद्याच लिहिते, हा अर्ज थेट जुळ्याकडेच जातो. एका पेशंटची तोंडी साक्ष लागेल, नावानिशी. कोण देतं?"

मी विचारलं, "आणि केंद्राचं काय होईल?"

त्यांनी लपवलं नाही. चालू पाळीत पेशंटला खायला देणं आणि ते वर न कळवणं म्हणजे केंद्र योजनेतून बाद. इरफानचं लायसन्स जाणार. लातूरच्या केंद्रांमधून रांगा, उमरग्यालाही तेच. इथली खुर्ची गेली तर दुसरी कधी मिळेल याचा भरवसा नाही.

"मग नाव नका घेऊ आंब्याचं," मी म्हणाले. सगळ्यांत आधी मीच म्हणाले आणि सगळ्यांत मोठ्यानेही मीच. "दोन पाळ्या तरी हायत. तुम्ही सांगितलं तर शून्य."

"ताई, दोन पाळ्यांवर तुम्ही किती महिने काढाल असं वाटतं?"

"काढीन की कसेबसे. खुर्ची गेली तर एक आठवडापण निघणार नाही. आन् हा इरफान? त्याच्या पोरीच्या कॉलेजचं काय?"

इरफान ताटली धूत होता. तो काही बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्यावर मी माझं सगळं म्हणणं उभं केलं. खरं सांगायचं तर मला त्याच्या पोरीची काळजी नव्हती. मला मरायची भीती वाटत होती. बाकीच्यांनीही माना हलवल्या. साक्षीला कुणी उभं राहिलं नाही.

मग अप्पा बोलले. "दुसरं कारण हाय की वो. शरीर येगळं वागलं म्हणून दावायचं. मी वागतो येगळं."

"अप्पा, काय बोलता?"

"मधी तुमी बोलावलं तरी येत न्हाई. मंगळवार ते शनवार बिनमशीनचा ऱ्हातो. शनवारी मशीन रक्त घेईल, आकडा दिसंल. एकानं जास्त पायजे नव्हं? येईल की."

डॉक्टर नाही म्हणाल्या. दोन दिवस नाहीच म्हणत होत्या. मग त्यांनीही हिशेब केला. जुळ्याचा अंदाज साडेपाचच्या आत, म्हणजे आकडा साडेसहाच्या आसपास लागणार. साडेसहाला माणूस सहसा जात नाही. सातच्या पुढे खरा धोका. नजरेखाली ठेवलं, पाळी वेळेवर सुरू झाली, तर जमेल. त्यांनी अप्पांना शुक्रवारपासूनच दवाखान्यात येऊन राहा म्हणून सांगितलं. अप्पा म्हणाले, आंबे उतरवायला माणसं लावली आहेत, शनिवारी सकाळी येतो. त्यांच्यापुढे कुणाचं चाललं आहे?

मी मात्र सुटल्यासारखी झाले होते. माझी साक्ष टळली होती. अप्पांना मी म्हणाले, "जमलं तर तुमच्या पेटीचे लगेजचे पैसे परत." ते म्हणाले, "याजासकट घेणार."

शनिवारी मी पाळीच्या बऱ्याच आधी पोहोचले. अप्पा तीन नंबरवर होते, छातीवर तारा लावलेल्या. हसले, पण हात उचलून नमस्कार करताना हात अर्ध्यातून खाली आला. "पाय गार पडायलेत," म्हणाले. डॉक्टर ईसीजीच्या पट्टीकडे बघत होत्या. त्या पट्टीवरचे टोकदार डोंगर काय सांगतात ते डायलिसिसच्या पेशंटला शिकवावं लागत नाही. ते उंच होते.

"अप्पा, मी आत्ताच सुरू करते."

"किती वाजले?"

"साडेदहा."

"पाळी बाराची हाय. अर्ध्या तासाहून जास्त आधी घेतलं तर ती आपत्कालीन. धरत न्हाईत."

"खड्ड्यात गेलं ते अपील!"

"मॅडम." अप्पांनी त्यांचा हात धरला. "हे चार दिवस मी फुकट काढले असं करू नका. पुन्हा माझ्यानं हुयाचं न्हाई. मग या कंडक्टरबाईला करावं लागंल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मी म्हणू शकले असते, मॅडम सुरू करा, साक्ष मी देते. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं.

त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. त्याने हृदय थोडा वेळ तग धरतं, पण रक्तातला आकडा बदलत नाही. अकराला दुसरं दिलं. साडेअकराला पट्टीवरचे डोंगर रुंद व्हायला लागले, तेव्हा त्यांनी इरफानला ओरडून सांगितलं, "लाव मशीन. वेळ गेली चुलीत." इरफानने सुया टोचल्या. मशीन सुरू करायचं बटण दाबलं तर पडद्यावर प्रश्न आला: आपत्कालीन पाळी? होय किंवा नाही. होय म्हटलं की मशीन तत्काळ सुरू होतं, डॉक्टरांनी होयकडे बोट नेलं. अप्पांनी, ज्या हाताने धड नमस्कार होत नव्हता, त्या हाताने त्यांचं बोट बाजूला केलं आणि नाही दाबलं. वेळेआधीची नियमित पाळी म्हणून मशीनने योजनेकडे मान्यता मागितली. ती यायला चार-पाच मिनिटं लागली. मग त्याने अप्पांच्या रक्ताचा थेंब घेतला, मोजला, पडद्यावर आकडा आला: सात पूर्णांक नऊ.

"आला का?" अप्पांनी विचारलं.

"आला अप्पा," मी म्हणाले.

त्यांनी उत्तर ऐकलं की नाही ते मला माहीत नाही. इरफान छाती दाबत राहिला. डॉक्टर झटके देत राहिल्या. रक्त नळ्यांतून फिरत होतं, पण ते फिरवणारं मशीन होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी डॉक्टरांनीच इरफानचे खांदे धरून त्याला बाजूला केलं.

अप्पांना त्याच संध्याकाळी त्यांच्याच बागेत माती दिली. त्यांच्यात बसवून पुरतात. मला जाता आलं नाही, मी खुर्चीत होते, त्यांच्यामागून उशिरा सुरू झालेल्या माझ्या पाळीवर. तीन नंबरची खुर्ची पुसून ठेवली होती. जुळ्याचा अंदाज साडेपाचच्या आत होता आणि आकडा आठाला टेकला होता, तो एवढा कसा चढला हे डॉक्टरांना उमगेना. चार दिवसांत साडेसहा, फार तर पावणेसात. त्या सारख्या तेच मोजत होत्या आणि स्वतःलाच दोष देत होत्या.

पुढच्या शनिवारी निकाल आला. डॉक्टरांनी तो उभ्यानेच वाचून दाखवला. अपील मंजूर. बसवराज निटुरे यांच्या शरीराचे विचलन सिद्ध झाले असून त्यांची तिसरी पाळी पूर्ववत करण्यात येत आहे. लाभार्थी मयत असल्याने अंमलबजावणीची आवश्यकता नाही. सदर निष्कर्ष याच शरीरापुरता मर्यादित असून अन्य रुग्णांबाबत केंद्रास स्वतंत्र अपिलाचा हक्क राहील.

"म्हणजे?" पलीकडच्या खुर्चीतून कुणीतरी विचारलं.

"म्हणजे प्रत्येकाने आपापलं मरून दाखवायचं," मी म्हणाले. मला राग आला होता, आणि तो राग योजनेवर आहे असं मी स्वतःला समजावत होते.

आमची मशीनं नुकतीच सुरू झाली होती, तेवढ्यात महानंदाकाकू आल्या. अप्पांच्या बायको. मागून गड्याने आंब्याची पेटी आणून दारात ठेवली. काकूंनी पदर सावरला आणि इरफानला म्हणाल्या, "बाबा, वाट सगळ्यांला. त्येंनी आधीच सांगून ठिवलं हुतं, काय बी झालं तरी पयल्या तासाचे आंबे चुकवायचे न्हाईत."

इरफानने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर काकूंजवळ गेल्या. "काकू, मला माफ करा. आकडा एवढा चढेल असं मला वाटलं नव्हतं. कसा चढला तेच कळत नाही."

काकूंनी त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुमाला बोल्ले न्हाईत? शुक्करवारी सांजच्याला चार आंबे खाल्ले की. मी हातातनं वढून घ्यायला गेले, तर म्हन्ले, आकडा एका बोटानं जरी कमी पडला तर सगळं वाया जातंय. त्या कंडक्टरबाईला लई भ्या वाटतंय, म्हन्ले, तिची पाळी यायला नको."

काकू हे सहज बोलल्या. मीच ती कंडक्टरबाई, हे त्यांना माहीत नव्हतं. मग त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या, आणि डॉक्टर त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

मला माझ्या अंगाची किळस आली. सहा वर्षं या माणसाशी मी एका पेटीच्या तिकिटावरून भांडले. त्याने आयुष्यात शेवटचे आंबे खाल्ले ते माझ्यासाठी, आणि त्या आंब्यांचा त्याला घास गोड लागला असेल का, हा विचार माझ्या मनातून जाईना.

"इरफान," मी हाक मारली, "फोडी कर."

"ताई..."

"कर रे. मॅडम, तो अर्ज काढा. पहिल्या कारणाचा. साक्ष मी देते."

डॉक्टर उठल्या. "ताई, केंद्र बंद होईल. आजच होईल, त्याला वेळ लागत नाही."

"ठाऊक आहे."

त्यांनी इरफानकडे पाहिलं. आजवर त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं, आम्ही सगळे त्याच्या वतीने बोलत आलो होतो. इरफानने सुरी हातात घेतली, पेटीतला एक पिकलेला आंबा निवडला, आणि म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी छाती दाबताना मला त्यांच्या तोंडाला आंब्याचा वास आल्यासारखं वाटलेलं. मी घाबरून बोललो नाही. लिहा तुम्ही."

बाकीच्या खुर्च्यांमधून कुणी होही म्हणालं नाही आणि नाहीही म्हणालं नाही. डॉक्टरांनी सगळ्यांकडे एकेकदा बघून घेतलं आणि माझ्या मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला. वर बारीक हिरवा दिवा लागला, म्हणजे ते ऐकत होतं.

"मी सुवर्णा दाभाडे," मी म्हणाले. "खुर्ची चार. या केंद्रात दर पाळीला, पहिल्या तासात, मी फळ खात आले. सगळे खात आले. आत्ताही खाते आहे. ते तुमच्या हिशेबात नाही. ते धरा आणि पुन्हा मोजा." आणि मी फोड तोंडात घातली.

मोजायला त्याला कितीसा वेळ लागणार? सातही पडदे एकामागून एक उजळले, माझा, शेजारचा, भिंतीपाशीचा. माहितीतील दोष मान्य. प्रतिदेह दुरुस्त. रुग्णास आठवड्यातून तीन पाळ्या आवश्यक. हिरव्या अक्षरांत.

मग त्याच्या खाली तांबडी ओळ आली. केंद्र योजनेतून बाद. चालू पाळी पूर्ण होताच यंत्रे बंद होतील. तिन्ही पाळ्या जवळच्या उपलब्ध केंद्रात घ्याव्यात.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे अपिलाचं पान उघडायला घेतलं. ते उघडलं नाही. अपील करण्याचा हक्क योजनेतील केंद्रासच आहे, एवढं एकच वाक्य त्यावर होतं. मग त्यांनी लातूरला फोन लावला, मग उमरग्याला, मग आणखी कुठे. प्रत्येक वेळी त्या आम्ही किती जण आहोत ते सांगत होत्या आणि पलीकडून काय म्हणतात ते ऐकून घेत होत्या.

मंगळवारी मी कुठे जायचं, हे मला माहीत नाही. आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. तीन पाळ्या मिळाल्या आहेत, हातात तसा हुकूम आहे, आणि मशीन नाही.

शेजारची तीन नंबरची खुर्ची रिकामी होती. काकू तिच्या दांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. मशीन थांबायला अजून तीन तास होते आणि पहिल्या तासातलीही थोडी मिनिटं शिल्लक होती. मी इरफानकडे हात पसरला आणि दुसरी फोड मागितली.